सिटी ऑफ असायलम बुकस्टोअर, पिट्सबर्ग : एका निवृत्त ग्रंथपालबाईचा तपासणी अहवाल

तेहतीस वर्षं मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. 'ब' वर्ग. दरवर्षी जिल्ह्याहून तपासणी यायची. दाखल रजिस्टर, देवघेव रजिस्टर, सभासद वर्गणीची पावतीपुस्तकं, सगळं टेबलावर मांडून आम्ही शेजारी उभे. साहेब पानं उलटायचे, "बाद पुस्तकांचा ठराव कुठाय?" विचारायचे, पोहे-चहा घ्यायचे आणि जायचे. आता निवृत्त झाल्यावर झालंय असं, की पुस्तकांनी भरलेली कुठलीही जागा दिसली की माझ्याच अंगात ते साहेब संचारतात.

धाकटा अमेरिकेत पिट्सबर्गला असतो. यंदा त्याच्याकडे चार महिने राहून आले. त्या मुक्कामात हे दुकान तीनदा पाहिलं. आपला देश सोडावा लागलेल्या लेखकांना आसरा देणाऱ्या 'सिटी ऑफ असायलम' या संस्थेचं हे पुस्तकांचं दुकान. पहिल्यांदा योगायोगानं, दुसऱ्यांदा कार्यक्रमाला आणि तिसऱ्यांदा एकटी, मुलाला न सांगता. म्हणून हा अहवाल.

जायचं कसं ते आधी सांगते, कारण आमच्यासारख्या गाडी न चालवणाऱ्या आया-सासवांना तिकडे तोच मोठा प्रश्न असतो. पत्ता ४०, वेस्ट नॉर्थ अव्हेन्यू. हा भाग नदीपलीकडे आहे. डाउनटाउनमधून 'टी' नावाची छोटी रेल्वे नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे जाते आणि एवढ्या टप्प्याला तिकीटच नाही. फुकट म्हटल्यावर मी पहिल्याच दिवशी दोन खेपा मारल्या. उतरून थोडं चालावं लागतं. वाटेत अ‍ॅलेगेनी कॉमन्स नावाची मोठी जुनी बाग लागते, तिच्यात पक्ष्यांचं संग्रहालय आहे. सूनबाई म्हणाली, "आई, पक्षी बघूया ना आधी." मी म्हटलं, येताना बघू. तिन्ही वेळा येताना अंधार पडला.

दुकानाच्या मागच्या वस्तीला 'मेक्सिकन वॉर स्ट्रीट्स' म्हणतात. अमेरिका आणि मेक्सिकोचं १८४६ ते १८४८ मध्ये युद्ध झालं, त्यातल्या लढायांची आणि सेनापतींची नावं इथल्या गल्ल्यांना दिलीत. माँटेरे, ब्वेना व्हिस्टा, पालो आल्टो, रेसाका. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली जुनी घरं, दारापुढं दोन-तीन पायऱ्या, कुंड्या. आणि या रणांगणाच्या नावांच्या गल्ल्यांतच, आपल्या देशातलं युद्ध, तुरुंग नाहीतर खुनाच्या धमक्या मागं टाकून आलेल्या लेखकांना राहायला घरं दिली जातात. ज्यानं कुणी ही नावं ठेवली त्याच्या स्वप्नातही हे आलं नसेल.

आता दुकान. जुन्या मेसनिक हॉलच्या (म्हणजे फ्रीमेसन मंडळींच्या सभागृहाच्या) इमारतीत २०१६ पासून 'अल्फाबेट सिटी' नावाची जागा सुरू झाली. पुस्तकांचं दुकान, छोटा रंगमंच आणि खाण्यापिण्याची सोय, सगळं एकाच छताखाली. खाण्याबद्दल मी मत देणार नाही. तिन्ही वेळा घरून थालीपीठ खाऊन निघाले होते. परदेशात पोट बिघडलं तर विम्याचे कागद कोण भरत बसणार!

पुस्तकांबद्दल मात्र बोलते. हे मोठं दुकान नाही. पाठ्यपुस्तकं नाहीत की शाळेच्या वह्या नाहीत. जोर आहे तो जगभरच्या भाषांतून इंग्रजीत आलेल्या साहित्यावर. पुस्तक हातात घेतलं की किंमत बघायच्या आधी मी अनुवादकाचं नाव शोधते, ही माझी जुनी खोड. आमच्याकडं कित्येक अनुवादित पुस्तकांवर ते आतल्या पानावर, तेही बारीक टायपात, लपवून ठेवल्यासारखं असायचं. इथं बऱ्याच पुस्तकांवर ते मुखपृष्ठावरच दिसलं. बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट पाहिली, ती कुणा गिऱ्हाइकाच्या लक्षातही येणार नाही. फळीवरचं पुस्तक काढताना शंभरातले नव्वद लोक पुठ्ठ्याच्या वरच्या कडेत बोट अडकवून ओढतात. तिथूनच पुस्तकाची पाठ फाटायला लागते. आमच्या शिपायाला हे शिकवण्यात माझी दोन वर्षं गेली होती. काउंटरवरच्या मुलानं, पंचविशीतला असेल, आजूबाजूची दोन पुस्तकं बोटांनी जराशी आत ढकलली, मधलं पुस्तक कंबरेला धरलं आणि अलगद काढून माझ्या हातात दिलं. तपासणी तिथंच निम्मी पास झाली.

त्यानं विचारलं होतं, काही ठरावीक हवंय का. माझं इंग्रजी म्हणजे वाचायला पुरतं, बोलायला अडतं. मी म्हटलं, घर सोडावं लागलेल्यांची पुस्तकं. त्यानं हसून हात फिरवला, म्हणजे 'इथं तर सगळीच' असा. मग दोन पुस्तकं काढून दिली. दोन्ही लेखक याच शहरात आलेले.

पहिलं ओसामा अलोमार या सीरियन लेखकाचं, 'द टीथ ऑफ द कोम्ब'. २०१७ मध्ये इंग्रजीत आलं. यातल्या काही गोष्टी चार ओळींच्या, काही पानभर. शीर्षकातली गोष्ट तर कंगव्याच्या दातांची आहे, एकमेकांपेक्षा उंच व्हायला निघालेल्या. शेवट सांगत नाही, पण कंगव्याचं पुढं काय होणार हे ज्याच्या डोक्यावर केस आहेत त्याला कळेलच. हा माणूस दमास्कसमध्ये नावाजलेला लेखक होता. २००८ मध्ये अमेरिकेत आला आणि शिकागोत टॅक्सी चालवायला लागला. एक भाडं सोडलं आणि दुसरं मिळेपर्यंत, गाडीतच, एका मित्र-अनुवादकाबरोबर आपल्याच गोष्टी अरबीतून इंग्रजीत करत बसायचा. मागं सीरियात युद्ध पेटलं. दमास्कसजवळचं त्याचं घर बॉम्बहल्ल्यात गेलं. घरात त्याची पुस्तकं होती आणि हस्तलिखितं होती.

इथं मला पुस्तक मिटून बसावं लागलं. खुर्ची होती.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या वाचनालयात पाणी शिरलं. पंचगंगा दारात नाही, टेबलावर आली. पाणी उतरल्यावर कुलूप काढलं तर आत खालच्या तीन फळ्यांची पुस्तकं फुगून एकमेकांत अशी रुतली होती की रॅकमधून निघेनात. दरवाजा फोडावा तशी ती उपसावी लागली. कादंबऱ्या, संतवाङ्मय, स्पर्धापरीक्षा, सगळ्यांचा एकच लगदा आणि एकच वास. दाखल रजिस्टरची पानं मी आमच्या गच्चीवर वाळत घातली, प्रत्येक पानावर खडा ठेवून. तेव्हा मनाला एकच आधार होता, की ही छापील पुस्तकं आहेत. यांच्या प्रती कुठं ना कुठं असतील, अनुदान येईल, पुण्याहून गठ्ठे येतील. आणि आलेही. त्या माणसाच्या घरातल्या कागदांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. लेखक वाचला, हे खरं. पण लेखक वाचवला म्हणजे सगळं वाचलं असं नाही, हे त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा नीट कळलं.

दुसरं पुस्तक तुहिन दास या बंगाली कवीचं, 'एक्झाइल पोएम्स'. कवी बांगलादेशातल्या बारिशालचा, म्हणजे थोर बंगाली कवी जीवनानंद दासांच्या गावचा. तिथं युद्ध नव्हतं. पण २०१५ च्या सुमाराला धर्मावर प्रश्न विचारणाऱ्या ब्लॉगरांना रस्त्यात कोयत्यांनी मारत होते. यालाही धमक्या आल्या आणि २०१६ मध्ये तो इथं पोचला. कविता अजूनही बंगालीतच लिहितो. इंग्रजी अनुवाद अरुणावा सिन्हांचा, पुस्तक २०२२ चं.

दशमान वर्गीकरणाच्या, म्हणजे पुस्तकाला विषयाप्रमाणे आकडा देण्याच्या, सवयीनं मी मनातल्या मनात आकडे लावत होते. बंगाली साहित्य ८९१.४४, मराठी ८९१.४६. मध्ये एकच घर. अरबी ८९२.७, फार लांब नाही. सवयीनं मराठीही शोधली. मला सापडली नाही. दुकानाला बोल लावायचा नाही, आपल्याकडून इंग्रजीत जातंच किती, आणि गेलेलं जगात पोचवायला धडपडतो कोण? गेल्या वर्षी एका प्रकाशकाला (नाव घेत नाही) मी विचारलं होतं की अमक्या बाईंच्या कथांचा अनुवाद का करून घेत नाही. उत्तर आलं, "मागणी नाही." अहो, मागणी करणाऱ्याला आधी कळायला तर हवं, की आहे काय!

ही संस्था सुरू कशी झाली ते थोडक्यात. हेन्री रीस हे टेलिमार्केटिंगच्या व्यवसायातले गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी डायान सॅम्युअल्स चित्रकार. १९९७ मध्ये सलमान रश्दी पिट्सबर्गला भाषणाला आले. युरोपातली काही शहरं परागंदा लेखकांना आसरा देतात, असं ते बोलण्याच्या ओघात म्हणाले. या दोघांनी ते ऐकलं आणि मनात ठेवलं. २००४ मध्ये स्वतःच्याच गल्लीतल्या एका घरात पहिला लेखक आणला. सात वर्षं लागली. समिती नेमली असती तर सत्तर लागली असती.

लेखकाला काय मिळतं, तर राहायला घर, भाडं नाही. खर्चाला दरमहा पैसे. वैद्यकीय विमा. हे दोन वर्षं. शिवाय कागदपत्रं, अनुवाद, पुढं पायावर उभं राहायला हात. मुदत संपल्यावरही काही जण याच शहरात राहिले. भाषणं, निषेधाची पत्रकं, शाली, हे काही नाही. मला विचाराल तर या यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट वैद्यकीय विमा. तिकडं दाताच्या डॉक्टरांकडं जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. दाढ दुखत असताना कोण लिहिणार? लेखकांबद्दल लिहिताना लोक मोठे मोठे शब्द काढतात, दाढेचं कुणी काढत नाही.

युरोपात अशा शहरांचं जाळं आहे, 'आयकॉर्न' नावाचं, त्याचं कार्यालय नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला. तिथं नगरपालिका पुढं येतात, लेखकाचा खर्च शहराच्या अंदाजपत्रकात धरतात. इथं मात्र नवरा-बायकोनं स्वतःच्या गल्लीपासून सुरुवात केली. दोन्ही रीती चालतात. चालत नाही ती एकच, 'बघू'.

दुकानातून बाहेर पडून मागं गेलात की सॅम्पसोनिया वे नावाची अरुंद बोळ लागते. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागं घ्यावी लागेल एवढीच. मोठ्या घरांच्या मागच्या बाजू तिच्यावर येतात. पिट्सबर्गला जाऊन ही बोळ चुकवू नका, पुस्तक घ्यायचं नसलं तरी.

पहिला लेखक आला तो चिनी कवी हुआंग शियांग. चीनमध्ये त्याच्या लेखनावर बंदी, स्वतः कितीतरी वर्षं तुरुंगात आणि श्रमछावण्यांत. इथं घराची किल्ली मिळाल्यावर त्यानं काय केलं, तर घराच्या दर्शनी भिंतीवर, बाहेरून, आपल्या कविता रंगवल्या. मोठ्या चिनी अक्षरांत. आजही त्या घराला 'हाउस पोएम' म्हणतात. मी समोर उभी राहून दहा मिनिटं पाहिलं. एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण हात दिसत होता. कुठं कुंचला जोरात टेकलाय, कुठं उचललाय, कुठं रंग संपत आल्यावर ओढलाय. तुकोबांच्या हातची म्हणून देहूला दाखवतात त्या वहीचा फोटो आठवला. ती पाण्यातून वर आली म्हणतात. इथं कवीनं कागदाचा धोकाच पत्करला नाही.

पुढं ब्रह्मदेशातली लेखिका खेत मार आली. तिच्या नवऱ्यानं त्यांच्या घरावर मोठं चित्र काढलं. एकीकडं गाव आणि नदी आणि दुसरीकडं शहर असं काहीसं मी त्यात वाचलं, मला जमलं तेवढं. २०१४ मध्ये व्हेनेझुएलाच्या तिघांनी आणखी एक उद्योग केला. शंभर शब्द तयार केले आणि वस्तीतल्या लोकांना म्हटलं, तुमच्या घरावर एखादा लावायचा का? लोकांनी शब्द निवडले आणि दाराच्या बाजूला, खिडकीवर, कुंपणाला लावून घेतले. चालता चालता कुठंतरी एखादा शब्द दिसतो. या सगळ्याला ही मंडळी 'घर-प्रकाशनं' म्हणतात. माझ्या डोक्यात लगेच प्रश्न : दाखल क्रमांक कुठं टाकणार? शिक्का कुठल्या पानावर? आणि वाळवी लागली तर बाद करायचा ठराव कुणी करायचा?

दुसरी खेप सप्टेंबरातली. तेव्हा इथं जॅझ आणि कविता यांचा कार्यक्रम होता. असे कार्यक्रम ही संस्था २००५ पासून करते. तिकीट नाही, पण नावनोंदणी करावी लागते. ती मुलानं केली. मी म्हटलं, फुकट आहे तर नोंदणी कशाला? तो म्हणाला, "आई, खुर्च्या मोजून असतात." हे मला पटलं. आमच्याकडं खुर्च्या मोजून मांडतात, पण माणसं मोजून येत नाहीत. एका मोठ्या साहित्यिक मेळाव्यात मी परिसंवादाला बसले होते, मंचावर नऊ जण आणि समोर आम्ही सात. त्यातला एक मांडववाला.

एका कवीनं अरबीत वाचलं. इंग्रजी नंतर आलं. मध्ये सॅक्सोफोन. मला जॅझ कळत नाही, आधीच सांगते. पण कीर्तनात बुवा श्वास घ्यायला थांबले की पेटीवाला ती जागा भरतो, ते मला कळतं, आणि इथं तेच चाललं होतं. फक्त पेटीवाला बुवांच्या मागं जातो, हा सॅक्सोफोनवाला मधूनच वाद घालत होता. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या, डोक्याला रुमाल. अरबी चालू असताना त्यांचे ओठ हलत होते. एका ओळीला त्या हसल्या, मागं कुठंतरी आणखी दोघं-तिघं हसले. मग त्या ओळीचं इंग्रजी झालं आणि बाकीचं सभागृह हसलं. एकाच विनोदावर दोनदा हशा, मध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर. त्या बाई दुसऱ्यांदा हसल्या नाहीत. मान वळवून हसणाऱ्यांकडं बघत राहिल्या, आपल्या स्वयंपाकघरातला पदार्थ पाहुण्यांना आवडतोय का बघावं तशा.

मी कोल्हापूर भागातली, म्हणून एक आठवल्याशिवाय राहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात घरंदारं गमावलेली पाचेक हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका-मुलं, आमच्या वळिवड्याला राहिली होती. १९४३ ते १९४८. आधी रशियानं त्यांना सायबेरियाकडं हाकललं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती कोल्हापूर संस्थानात पोचली. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. माझे वडील तेव्हा पोरगेलेसे, छावणीत अंडी विकायला जायचे. 'दोब्रे, दोब्रे' म्हणजे चांगलं, हा एकच पोलिश शब्द ते आयुष्यभर वापरत राहिले. आईनं केलेल्या झुणक्यालासुद्धा. पोलिश गेल्यावर त्याच भागात फाळणीतले सिंधी आले आणि गांधीनगर झालं. आज आमच्याकडचा निम्मा लग्नाचा बस्ता तिथून येतो, पण वस्ती कशी झाली हे दुकानात उभं असताना कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही नव्हतं आलं, सॅम्पसोनिया वेवर जाईपर्यंत.

आता तिसरी खेप, एकटीची. मुलाला का सांगितलं नाही, ते लिहिते.

२००४. जानेवारीत पुण्यात भांडारकर संस्थेची मोडतोड झाली, ते साल. एका पुस्तकावरून. त्यानंतर काही महिने आमच्यासारख्या खेड्यातल्या वाचनालयांतही लोक येऊन विचारायचे, "तुमच्याकडं नाही ना तसलं काही?" तसलं म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत नसायचं. एके दिवशी चौघं आले आणि एका मराठी पुस्तकाचं नाव घेतलं. पुण्यातल्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नव्हता. साधं, दोनशे पानी, आठ वर्षांत अकरा वेळा गेलेलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, कशाला वाद? ठेवा कपाटात." मी ठेवलं. कार्ड काढलं, देवघेव बंद केली, मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं. लेखक तेव्हा हयात होते. त्यांना कुणी हाकलून दिलं नाही, मारलं नाही. फक्त त्यांचं एक पुस्तक आमच्या गावातून नाहीसं झालं, आणि ते करणारी मी. कुणी पुन्हा विचारलं नाही, म्हणून मीही पुन्हा बाहेर काढलं नाही. निवृत्त होताना किल्ल्या देताना कपाटाचं बोलले नाही. पूर मागच्या खोलीत गेला नव्हता.

त्याच २००४ मध्ये या बोळात एक माणूस शिडीवर चढून आपल्या कविता भिंतीवर लिहीत होता.

म्हणून एकटी गेले. दुकानात काही बोलायचं नव्हतं, आणि बोलले असते तरी इंग्रजीत काय सांगणार? फळ्यांपुढं नुसती फिरले. काउंटरवरच्या मुलानं ओळखलं, मान हलवली, त्रास दिला नाही. हीसुद्धा दुकानाची सेवाच म्हणायची. गिऱ्हाइकाला एकटं सोडायला अक्कल लागते.

१२ ऑगस्ट २०२२ ला न्यूयॉर्क राज्यात चॉटोक्वा इथं रश्दींवर व्यासपीठावर चाकूहल्ला झाला, तो आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिला. त्यांचा एक डोळा गेला. शेजारच्या खुर्चीवर त्यांच्याशी बोलायला बसलेले गृहस्थ हेच हेन्री रीस होते, हे मला माहीत नव्हतं. तेही जखमी झाले. त्या दिवशी बोलण्याचा विषय होता, परागंदा लेखकांना अमेरिका कसा आसरा देते. मुंबईत जन्मलेला एक लेखक १९९७ मध्ये भाषणात काहीतरी बोलून गेला, त्यातून या गावात घरं उभी राहिली, आणि पंचवीस वर्षांनी त्या घरांबद्दल बोलायला दोघं बसले असताना हे झालं. दुकानात याचं भांडवल केलेलं मला कुठं दिसलं नाही. पुस्तकं होती, आणि त्या संध्याकाळचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होता.

जाणाऱ्यांसाठी : दुकान कुठल्या दिवशी, किती वाजता उघडं ते आधी पाहून जा. कार्यक्रमाची नोंदणी आदल्या आठवड्यातच करा. पुस्तकांच्या किमती डॉलरमध्ये, रुपये करून बघू नका, मी केले आणि एक पुस्तक परत ठेवलं, मग मुलाला फोन करून पुन्हा घेतलं. गुडघे दुखत असतील तर बोळ सावकाश चाला, वाट थोडी खडबडीत आहे. थंडी सुरू व्हायच्या आत जा.

वर्ग : 'अ'. आमच्या नियमांत 'जिल्हा अ', 'तालुका अ' आणि 'इतर अ' असे प्रकार असतात. याला 'इतर अ' द्यावा लागेल, कारण हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दोन्ही पुस्तकं केबिनच्या पिशवीत घालून आणली, सामानाच्या वजनात बसत नव्हती. परत आल्यावर वाचनालयाला भेट दिली. आता माझ्या जागी एक तरुण मुलगा आहे, हुशार आहे, संगणकावर सगळं करतो, पण दाखल रजिस्टरही ठेवतो. मी शेजारी बसून नोंद करवून घेतली. लेखक : दास, तुहिन. भाषा : इंग्रजी, मूळ बंगाली. प्रकाशन स्थळ या रकान्याशी तो थांबला. "पिट्सबर्ग? पण हे तर बांगलादेशचे ना?" मी म्हटलं, लिही पिट्सबर्ग. किंमत : भेट. शेरा : काही नाही.

मग मी त्याला म्हटलं, मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची किल्ली दे जरा.

"कुठलं कपाट, बाई?" तो म्हणाला.